रक्ताचा नमुना ही अमानत : रक्तसंकलनाच्या पेशाची ओळख

दवाखान्यातील नोकरी म्हटली की आपल्याकडे डॉक्टर, नर्स, कंपाउंडर आणि फार तर औषधाचे दुकान एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रयोगशाळेतील माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रयोगशाळेतही यंत्राजवळ बसणाऱ्याला मान असतो. रक्त काढणारा मात्र ‘सुई टोचणारा’ म्हणूनच ओळखला जातो. या लेखात आम्ही त्या सुई टोचणाऱ्याच्या पेशाची माहिती देत आहोत. इंग्रजीत त्याला फ्लेबोटोमिस्ट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शीर कापणारा. युनानी हकीम ‘फस्द’ खोलत, म्हणजे रोग बरा व्हावा म्हणून शिरेतून रक्त सोडत. त्या जुन्या कामाचे नाव आजच्या या पेशाला चिकटले आहे. आज मात्र रक्त काढायचे ते तपासणीसाठी, आणि तेही दोन-चार चमचे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. पूर्वेला पुणे-नाशिक महामार्ग आणि त्यावरची मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजाराची गावे. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, माळशेज ही डोंगराची रांग आणि आदिवासी बांधवांच्या वाड्या-वस्त्या. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. घोडेगाव, जुन्नर व नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. खाजगी दवाखाने व लॅब महामार्गाच्या कडेने दाट आहेत आणि डोंगराकडे जावे तशा विरळ होत जातात. म्हणजे रोगी एका टोकाला आणि यंत्र दुसऱ्या टोकाला, अशी येथील स्थिती आहे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे रक्ताची ती लहानशी नळी, आणि ती भरणारा माणूस.

चूक कोठे होते?

अहवाल चुकला की लोक म्हणतात, ‘मशीन खराब असेल.’ वस्तुस्थिती निराळी आहे. इटलीतील पादुआ येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्लेबानी व कारारो या दोन तज्ज्ञांनी चुकांची मोजदाद केली आणि ती १९९७ साली प्रसिद्ध केली. शंभर चुकांपैकी सुमारे ६८ चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच्या होत्या. यंत्रावरच्या चुका सुमारे १३ होत्या. बाकीच्या अहवाल लिहिण्या-पोहोचविण्यातल्या होत्या. त्यांनीच पुन्हा केलेली मोजदाद २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हाही आधीच्या टप्प्यातील चुकांचा वाटा सुमारे ६२ होता. दहा वर्षांत यंत्रे सुधारली. बहुतेक चुका मात्र नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच्याच राहिल्या.

यातून एकच गोष्ट शिकायची. नमुना जसा असेल त्याहून चांगला अहवाल कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. रोग्याने विश्वासाने दिलेले रक्त ही रक्त काढणाऱ्याजवळ ठेवलेली अमानत आहे. ती जशीच्या तशी, योग्य नावाने आणि वेळेत पोहोचविणे हाच या पेशाचा गाभा आहे. पुढील सर्व नियम याच एका गोष्टीसाठी आहेत.

पहिला नियम : माणूस ओळखा

सुई हातात घेण्यापूर्वी माणूस कोण याची खात्री करावी. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नये. तापाने ग्लानीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा बावरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा,’ ‘मामा, वय किती, गाव कोणतं?’ असे विचारावे आणि उत्तर केसपेपरवरील नोंदीशी जुळवावे. निदान दोन खुणा जुळल्याच पाहिजेत : पूर्ण नाव, आणि वय किंवा नोंदणी क्रमांक. एकाच गावात एकाच आडनावाची पंचवीस घरे असतात. शेख, इनामदार, मोमीन, तांबोळी यांच्या मोहल्ल्यात जी गत, तीच डोंगराकडच्या वाडीत. एका वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया भरती असणे यात नवल काहीच नाही.

दुसरे, नळीवर नाव रक्त काढल्यावर लगेच, रोग्यासमोरच लिहावे. आधी दहा रिकाम्या नळ्यांवर नावे लिहून ठेवायची आणि मग भरत जायचे, ही सवय घातक आहे. नळ्या खिशात घालून टेबलावर जाऊन नावे लिहिणे त्याहून घातक.

याचे गांभीर्य रक्तगटाच्या नमुन्यात कळते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसांच्या रक्ताचे गट दाखवून दिले. तेव्हापासून न जुळणारे रक्त दिले तर जीव जाऊ शकतो, आणि का जातो, हे जगाला ठाऊक आहे. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईसाठी रक्त मागवायचे आहे, आणि घाईत तिच्या नळीवर शेजारच्या खाटेवरील बाईचे नाव पडले. रक्तपेढीने आपले काम बिनचूक केले तरी पिशवी चुकीचीच येणार. साखरेचा अहवाल चुकला तर पुन्हा करता येतो. ही चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून रक्तगट व क्रॉसमॅचचा नमुना घेताना नाव दोनदा वाचावे, सही करावी, वेळ लिहावी.

शीर आणि सुई

रोग्याला बसवावे किंवा झोपवावे. उभ्या माणसाचे रक्त कधीही काढू नये. ‘यापूर्वी कधी चक्कर आली होती का?’ हे विचारावे. आली असेल तर झोपवूनच रक्त घ्यावे.

रबरी पट्टा टोचायच्या जागेच्या तीन-चार इंच वर बांधावा आणि तो एका मिनिटाहून अधिक ठेवू नये. पट्टा फार वेळ राहिला की शिरेतील पाणी बाहेर झिरपते, रक्त दाट होते आणि प्रथिने, कॅल्शियम यांचे आकडे उगाच वाढतात. मूठ मिटायला सांगावे; पण ती भराभर उघड-मीट करायला लावू नये. त्याने पोटॅशियम वाढलेले दिसते. हातावर चापट्या मारू नयेत. शेतमजुराच्या राठ हाताची किंवा म्हातारीची शीर दिसत नसेल तर हात खाली सोडायला सांगावा, कोमट पाण्याने ओले केलेले फडके ठेवावे आणि बोटाने चाचपावे. शीर डोळ्याने शोधायची नसते, बोटाने शोधायची असते.

कोपराच्या पुढच्या खळग्यातील मधली शीर सर्वांत चांगली. आतल्या बाजूला धमनी व मज्जातंतू जवळ असतात, तेथे शक्यतो जाऊ नये. सत्तर टक्के अल्कोहोलने जागा पुसून ती वाळू द्यावी. सुमारे तीस सेकंद लागतात. ओल्या जागेवर टोचले तर रोग्याला झोंबते आणि रक्तही फुटते. सुई तिरपी, १५ ते ३० अंशांच्या कोनात घालावी. मोठ्या माणसासाठी २१ नंबरची सुई सर्वसाधारणपणे योग्य. नाजूक शिरांसाठी २३ नंबर. रक्त भडक लाल येऊन ठोके देत उसळू लागले तर धमनी लागली असे समजावे, सुई लगेच काढावी आणि निदान पाच मिनिटे दाबून धरावे.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये. तसे घेतले तर ग्लुकोजच्या बाटलीतील साखर रोग्याच्या नावावर जमा होते. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात आणि स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हातही टाळावा. दोन वेळा प्रयत्न करूनही शीर मिळाली नाही तर तिसऱ्यांदा आपणच हट्ट करू नये. दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवावे. यात कमीपणा नाही. रोग्याच्या हाताची चाळण करण्यात आहे.

पट्टा सोडल्यावर सुई काढावी, कोरडा बोळा दाबावा आणि हात सरळ ठेवायला सांगावे. कोपर दुमडून ठेवायची आपल्याकडची सवय बरोबर नाही, त्याने जागा काळी-निळी पडते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला जास्त वेळ दाबून बसवावे.

बल्बांचा क्रम

आपल्याकडे दवाखान्यात या नळीला ‘बल्ब’ म्हणतात : प्लेन बल्ब, ईडीटीए बल्ब, फ्लोराइड बल्ब. प्रत्येकाच्या झाकणाचा रंग वेगळा असतो, कारण आतले रसायन वेगळे असते. एकाच सुईने अनेक बल्ब भरायचे असतील तर क्रम ठरलेला आहे. प्रथम रक्त-कल्चरची बाटली. मग निळा, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांचा सायट्रेट बल्ब. त्यानंतर सिरमचा लाल किंवा पिवळा, मग हेपॅरिनचा हिरवा, मग सीबीसीचा जांभळा ईडीटीए आणि शेवटी साखरेचा करडा फ्लोराइड.

हा क्रम पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावा. जांभळ्या बल्बातील ईडीटीए हे पोटॅशियमचे क्षार असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. त्याचा थेंबभर अंश सिरमच्या बल्बात गेला तरी पोटॅशियम खूप वाढलेले आणि कॅल्शियम खूप घटलेले दिसते. पोटॅशियमचा असा आकडा पाहून डॉक्टर हृदय बंद पडेल या भीतीने धावपळ करू लागतात, आणि रोगी मात्र ठीक असतो.

सायट्रेटच्या बल्बात एक भाग रसायन आणि नऊ भाग रक्त असे प्रमाण असते, म्हणून तो खुणेपर्यंतच भरावा. कमी भरला तर रक्त उशिरा गोठते असे खोटेच दिसते. भरलेला बल्ब हळुवार उलटा-सुलटा करावा : सायट्रेट तीन-चार वेळा, ईडीटीए व फ्लोराइड आठ ते दहा वेळा. खळखळ हलवू नये. सिरिंजने काढलेले रक्त सुईतून जोराने बल्बात मारू नये. लाल पेशी फुटतात, सिरम लालसर होते आणि तो नमुना पोटॅशियमसारख्या तपासण्यांना निकामी ठरतो.

डेंग्यूचे दिवस

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ आली की सर्वांच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘प्लेटलेट’. या दिवसांत रक्त काढणाऱ्याचे कसब कसाला लागते. ईडीटीए बल्ब नीट मिसळला नाही किंवा रक्त फार हळू आले तर त्यात बारीक गुठळ्या होतात. प्लेटलेट त्या गुठळ्यांत अडकतात, यंत्र उरलेल्या तेवढ्याच मोजते आणि दोन लाखांच्या जागी चाळीस हजार असा आकडा येऊ शकतो. मग गाडी ठरवा, पुण्याला हलवा, पिशव्या शोधा, पैसे उसने घ्या! मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, नारायणगावहून पंचाहत्तर, आणि डोंगरातल्या वाडीहून त्याच्या किती तरी पुढे. या धावपळीचे मूळ कधी कधी एका न हलविलेल्या बल्बात असते.

काही मोजक्या माणसांच्या प्लेटलेट तर ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात. तेथे रक्त काढणाऱ्याचा दोष नसतो. म्हणून फार कमी आकडा आला तर बल्बात गुठळी आहे का ते पाहावे, काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्यावी आणि गरज पडल्यास नमुना पुन्हा घ्यावा. दुसऱ्यांदा टोचल्याने रोगी कुरकुरेल. पण विनाकारण पुण्याची खेप पडण्यापेक्षा ते बरे.

सर्पदंशाच्या रात्री

शेतात घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार येथे कोणालाही अपरिचित नाहीत. घोणस व फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. ते ओळखण्यासाठी एक अगदी साधी चाचणी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, ती हलवायची नाही, घड्याळ लावून बरोबर वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे असे डॉक्टर समजतात आणि प्रतिविषाचा निर्णय घेतात.

येथे नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठण्याची क्रिया नीट सुरू होते. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. अशा नळीत निरोगी माणसाचे रक्तही न गोठता राहू शकते, आणि ज्याला गरज नाही त्याला प्रतिविष दिले जाते. प्रतिविषाचीही तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते, हे विसरू नये. उलट, रक्त नीट गोठले म्हणजे धोका टळला असेही नाही. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते आणि तेव्हा ही चाचणी ठीकच येते. म्हणून रक्त काढणाऱ्याने निकाल व वेळ लिहून द्यावी. अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम. अशा रोग्याला वारंवार टोचू नये आणि टोचलेली जागा बराच वेळ दाबून ठेवावी.

वाटेवरचा नमुना

शहरात नमुना एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातो. येथे तो तळेघर, आहुपे, आपटाळे, मढ या बाजूंनी घाटरस्त्याने उतरतो. राज्य शासनाने २०१७ साली ‘महालॅब’ ही योजना सुरू केली. तीत सरकारी आरोग्य केंद्रांवर घेतलेले नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले. खाजगी लॅबही आपली संकलन केंद्रे गावोगाव उघडतात. रोग्याची खेप वाचते, ही मोठी सोय आहे. पण नमुना प्रवासाला निघाला की घड्याळ त्याच्या विरुद्ध चालू लागते.

साध्या बल्बात तसेच ठेवलेल्या रक्तातील साखर पेशी खात राहतात आणि ती दर तासाला सुमारे पाच ते सात टक्क्यांनी घटते. मधुमेही माणूस कागदावर बरा झालेला दिसतो! म्हणून साखरेसाठी फ्लोराइड बल्ब. सिरमच्या तपासण्यांसाठी रक्त गोठू देऊन दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवावे आणि सिरम वेगळे करावे. न फिरविलेले रक्त बर्फात ठेवले की सर्व सुरक्षित, असा समज आहे. तो चुकीचा आहे. थंडीत पेशींतील पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. आधी सिरम वेगळे करावे, मग थंड पेटीत ठेवावे. बल्ब पेटीत उभे ठेवावेत, एकमेकांवर आपटू देऊ नयेत. वीज जाणार असेल तर तपासणीची वेळ आधीच जुळवून घ्यावी. प्रत्येक कागदावर रक्त काढल्याची वेळ लिहावी. वेळ नसलेला नमुना म्हणजे तारीख नसलेला चेक.

उपास, उपाशीपोट आणि रोजा

‘उपाशीपोटी या’ असे सांगितल्यावर रोगी म्हणतो, ‘हो, आज माझा उपासच आहे.’ आणि सकाळी चहा व साबुदाण्याची खिचडी झालेली असते. म्हणून ‘उपास आहे का?’ असे विचारू नये. ‘शेवटचं खाल्लं-प्यायलं कधी आणि काय?’ असे विचारावे. उपाशीपोटीच्या साखरेसाठी निदान आठ तास पोटात पाण्याखेरीज काही नसावे.

रमजानमध्ये सहरी व तपासणी यांच्यातील तास मोजून कागदावर लिहावेत. तपासणीपुरते थोडे रक्त काढल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमांचे मत आहे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण मधुमेही रोजेदाराने ‘रोजा आहे’ म्हणून बोटावरची साखर तपासणे टाळू नये. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे.

बोटावरच्या तपासणीचे आणखी एक. जुन्नर तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. फळाचा रस बोटाला लागलेला असताना टोचले तर साखर खोटीच फार जास्त दिसते. जपानमधील संशोधकांनी संत्रे, द्राक्ष व किवी सोलायला देऊन हे पडताळून पाहिले आणि २०११ साली प्रसिद्ध केले. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही फरक पडला नाही; नळाखाली हात धुतल्यावर आकडा खरा आला. बागेतून थेट आलेल्या माणसाला आधी हात धुवायला लावावे.

स्त्री रोगी आल्यास शक्यतो स्त्री कर्मचारी असावी, आणि नसेल तर घरचे माणूस जवळ बसू द्यावे. बुरख्याची किंवा ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली की तीच दुसऱ्या पट्ट्यासारखी आवळते. बाही सैल करून घ्यावी. ग्रामीण भागात या कामासाठी मुलींना चांगली मागणी राहील असे आम्हास वाटते. कित्येक बाया केवळ परका पुरुष हात धरतो या संकोचाने तपासणी टाळतात.

स्वतःचे रक्षण

वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये. अनेक जखमा तेथेच होतात. कावीळ ‘ब’चे विषाणू असलेल्या रक्ताची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस इतकी असते, एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात सुमारे तीन. म्हणून कामाला लागण्यापूर्वी कावीळ ‘ब’ची लस घ्यावी : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सुई टोचलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, ती पिळू किंवा चोखू नये आणि लगेच वरिष्ठांना सांगावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. भीतीने किंवा लाजेने गप्प बसणे हाच येथे खरा धोका आहे.

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम भारतात प्रथम १९९८ साली आले आणि २०१६ साली नव्याने झाले. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. सुई काढलेल्या सिरिंजा व प्लास्टिकचे बल्ब लाल पिशवीत. काच निळ्या खोक्यात. रक्ताने माखलेला बोळा पिवळ्या पिशवीत. उकिरड्यावर टाकलेली सुई शेवटी कचरा वेचणाऱ्या पोराच्या हाताला टोचते.

शिक्षण आणि धंदा

सरकारी ग्रामीण रुग्णालयात रक्त काढण्याचे काम सहसा प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा परिचारिकाच करतात. मोठी खाजगी रुग्णालये व लॅब यांत मात्र फ्लेबोटोमिस्ट म्हणून वेगळी माणसे घेतात. बारावी विज्ञाननंतर डीएमएलटी म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका हा भक्कम मार्ग आहे. केवळ रक्तसंकलनाचे लहान मुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. ते सुरुवातीला उपयोगी पडतात, पण पुढची बढती पदविकेवर किंवा पदवीवरच मिळते. या पेशांचे नियमन करण्यासाठी संसदेने २०२१ साली कायदा केला आहे. म्हणून फी भरण्यापूर्वी संस्थेला मान्यता कोणाची, पुढे परिषदेकडे नोंदणी होईल का, आणि खऱ्या रुग्णालयात हातावर काम किती महिने मिळेल, हे तीन प्रश्न विचारावेत. रबराच्या हातावर शिकलेला माणूस म्हातारीच्या हातासमोर अडतो.

स्वतःचे संकलन केंद्र काढू इच्छिणाऱ्यांनी कायद्याची हद्द ओळखावी. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तंत्रज्ञाने स्वतःच सही करून अहवाल देणे यात बसत नाही. पण चांगल्या लॅबशी करार करून नमुने गोळा करणे, घरी जाऊन म्हाताऱ्यांचे व अपंगांचे रक्त घेणे आणि अहवाल पोहोचविणे, हा सरळ धंदा आहे. त्यासाठी स्वच्छ खोली, खुर्ची व झोपायचे बाक, सेंट्रिफ्यूज, थंड पेटी, सुई-कटर, नोंदवही आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार एवढे तर पाहिजेच.

या धंद्याला दोन किडी लागल्या आहेत. एक ‘कट’ : रोगी पाठविणाऱ्या डॉक्टरला टक्केवारी देणे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना अशी टक्केवारी घेण्यास मनाई केली आहे. ती शेवटी रोग्याच्याच खिशातून जाते. दुसरी कीड, नमुना न तपासता अंदाजाने आकडे लिहिणे. ही उघड खियानत आहे. हलाल कमाईची इच्छा असणाऱ्याने या दोहोंपासून दूर राहावे. सुरुवातीला गिऱ्हाईक थोडे येईल. पण बाजाराच्या गावात ‘याच्या हाताचा रिपोर्ट खरा येतो’ असे एकदा झाले की लोक आपणहून विचारत येतात.

रोगी आपले रक्त परत मागत नाही, तपासूनही पाहू शकत नाही. बल्बात काय भरले, नाव कोणते लिहिले, किती वेळ ठेवले, हे फक्त रक्त काढणाऱ्याला ठाऊक असते. ज्या कामावर कोणाची नजर नसते तेथेच माणसाची सचोटी लागते. जुन्नर, घोडेगाव, मंचर या बाजूच्या होतकरू मुला-मुलींनी या पेशाचा जरूर विचार करावा, आणि शिकायचे तर नीट शिकावे, अशी आमची सूचना आहे.